झाडीतली सभा

नागपूरच्या उन्हाबद्दल कोकणात बसून जे काही ऐकलं होतं, ते फारच सौम्य निघालं. एप्रिलमधली सकाळ, स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तर रिक्षावाल्याने डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. मलाही तो एक घ्यायला लावत होता. "घ्या जी भाऊ, दुपारी हे ऊन कोनाचं ऐकत नाही." माझं गाव देवगड तालुक्यातलं. घाम अंगावरून ओघळतो एवढंच ठाऊक. इथे घाम येण्याआधीच वाळतो, हा पहिला धक्का. तर्री-पोह्यांची प्लेट पुढे आली तेव्हा दुसरा. समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो कोस दूर, आणि सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर चार घोडे नि एक दगडी खांब सांगत उभे, की हाच देशाचा मध्य मानला जातो.

पण मला खरं चकित केलं ते एका सरकारी पाटीने. महाराष्ट्राच्या वनखात्याचं मुख्यालय मुंबईत नाही, नागपुरात आहे. वनविकास महामंडळाचंही इथेच. विचार केला तर त्यात नवल काही नाही, राज्याचं दाट जंगल बहुतेक विदर्भाकडेच आहे. नवल आहे ते या शहराच्या जन्मपत्रिकेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं ते बख्त बुलंद शाह या गोंड राजाने. तो देवगडचा, म्हणजे छिंदवाड्याजवळच्या देवगडचा. आमच्या हापूसच्या देवगडाशी त्याचा संबंध नाही, तरी मला उगाच गाववाला भेटल्यासारखं झालं. तर हे गोंडांनी वसवलेलं शहर, आणि गोंडांच्या जंगलाचे कागद याच शहरातल्या कपाटांत.

ही गाठ कुठे पडली ते पाहायला अजब बंगल्यात गेलो. मध्यवर्ती संग्रहालयाचं हे नागपुरी नाव भलतंच चपखल आहे. ब्रिटिशांनी 1861 साली मध्य प्रांत बनवला, नागपूर त्याची राजधानी केली आणि 1863 साली हे संग्रहालय उघडलं. त्याच काळात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी गोंड गावांत फिरून त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाथा लिहून घेत होता. 1863 मध्येच टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात बुडाला. त्याचे कागद प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले. आणि याच्या वर्षभर आधी, 1865 साली, हिंदुस्थानचा पहिला वनकायदा झाला होता. पुढे 1878 चा आणि 1927 चा कायदा आला आणि फास आवळत गेला. म्हणजे जंगलात राहणाऱ्यांची गाणी जपून ठेवावीत आणि जंगल मात्र त्यांच्याकडून काढून घ्यावं, ही दोन्ही कामं एकाच दशकात, एकाच राजवटीने, सारख्याच नेटाने केली. काचेच्या कपाटांसमोर उभा राहून मी हे जुळवत होतो आणि अजब बंगल्यातली सर्वांत अजब गोष्ट हीच वाटत होती.

कपाटांबाहेरचं जंगल पाहायला गडचिरोलीची बस धरली. ती उमरेडमार्गे जाते. कोळशाच्या खाणी मागे पडतात, भिवापूरला मिरची सुरू होते, आणि नागभीडच्या पुढे जमीन एकदम धानाची होते. हीच झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या गावोगावी रात्र-रात्र नाटकं चालतात. दशावतारावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून बसमध्येच भरतं आलं. हंगाम सरला होता, भिंतींवरची पोस्टरं उन्हाने पांढरी पडली होती.

या वाटेवरचे तलाव मात्र पाहण्यासारखे. एकेका गावाला एक, कुठे दोन, शिवाय शेतांच्या वरच्या अंगाला लहान बोड्या. कोहळी समाजाच्या लोकांनी काही शतकांपूर्वी हे तलाव बांधले. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, हे त्यांनी उतार नुसता डोळ्यांनी जोखून ठरवलं. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी त्यांचं सरकारी नाव सांगितलं, मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. या 'माजी'मध्ये एक कायदा दडलेला आहे. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. तिथे 1950 साली मालगुजारी रद्द करण्याचा कायदा झाला. जमीनदारी गेली हे उत्तमच झालं, पण तिच्याबरोबर तलाव आणि गावची जंगलंही सरकारजमा झाली. पाण्याचे, सरपणाचे, चराईचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले, पण गाळ कोणी काढायचा नि झाड कोणी राखायचं, ते ठरवणारी जागा गावातून उठली. "हक्क राहिला, मान गेला," शिक्षक म्हणाले. ब्रह्मपुरीनंतर वैनगंगा ओलांडली, आरमोरी गेली, आणि खिडकीबाहेर झाडांनी रस्त्याला दोन्हीकडून धरलं.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर लेखा लागतं, त्याला लागूनच मेंढा. शंभरएक घरांचं गोंड गाव, आणि त्याच्या भोवती सुमारे 1,800 हेक्टर जंगल. अंगणं सारवलेली, कुडाच्या भिंती सरळ, कुठे घाईचं चिन्ह नाही. गावाच्या तोंडाशी ती प्रसिद्ध घोषणा लिहिलेली आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' छायाचित्रांत पाहिली होती तेव्हा ती मला मोर्च्यातली वाटली होती. इथे दोन दिवस राहिलेल्या कोणालाही कळेल, की ती दिनक्रमाची नोंद आहे.

पहाटे मोहाखाली नेलं. मोहाचं झाड फुलावर येतं तेव्हा बहुधा निष्पर्ण असतं. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात, आणि उजाडायच्या सुमाराला मांसल, पिवळसर पाकळ्यांचा सडा खाली पडतो. बायका-मुलं टोपल्या घेऊन वाकलेली. कोणी बोलत नव्हतं, फक्त टपटप चाललेली. मी एक फूल तोंडात टाकलं. गोड, आणि त्या गोडाला मागून एक उग्र वास. आमच्याकडच्या काजूच्या बोंडाची आठवण झाली.

मोहाखालची जमीन नीट झाडलेली होती. खरं म्हणजे मोह वेचायची सोपी रीत वेगळीच आहे. झाडाखालचा पालापाचोळा पेटवून द्यायचा, काळ्या जमिनीवर फूल लगेच दिसतं. मध्य भारतातल्या उन्हाळी वणव्यांत या जाळाचा वाटा मोठा. इथे जाळ लावायचा नाही, असा ग्रामसभेचा नियम आहे. एका बाईंना विचारलं, रोज एवढं झाडायचं जिवावर येत नाही का? त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "येते ना जी. पण जाळ मोहाखाली थांबतो काय? तो चारोळीच्या रोपाले खाते, मंग वास्ते खाते. मंग आमी काय खाऊ?" वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, इथली पावसाळ्यातली भाजी.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नेम लँडमध्ये तिथले आदिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच मुद्दाम लहान-लहान जाळ लावतात, म्हणजे पुढचा मोठा वणवा अडतो. तिथे आग लावणं हे जंगल राखणं, इथे आग टाळणं हे जंगल राखणं. आदिवासी ज्ञान म्हणून एखादी तयार पोतडी असते आणि ती जगभर वाटता येते, असं मानणाऱ्यांनी या दोन आगी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्ञान त्या-त्या मातीला चिकटलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते 'आपल्याकडे हे केलं तर पुढे काय होतं' एवढ्यापुरतंच असतं. तेवढं मात्र पक्कं असतं.

मधाचंही तसंच. आग्या मोहोळाचं पोळं फांदीला किंवा कड्याला उघडं लोंबतं. मध वरच्या एका टोकाला साठलेला असतो, खालच्या भागात अंडी-पिल्लं. सगळं पोळं धूर-जाळ करून पाडलं तर मध एकदाच मिळतो. मधाचा भागच कापला, पिल्लांना हात लावला नाही, तर माश्या त्याच पोळ्यावर पुन्हा काम सुरू करतात. मेंढ्याच्या लोकांनी अंगभर झाकणारा पोशाख घालून रात्री मध काढण्याची ही अहिंसक रीत अंगी बाणवली. परंपरेने आलेली जाण आणि नव्याने शिकलेलं तंत्र यांच्यात त्यांनी भिंत बांधली नाही. आजोबांची रीत नुकसानीची ठरली तर ती सोडायची, शहरातलं काही उपयोगी दिसलं तर घ्यायचं. त्यासाठी गावात अभ्यासगट आहे. मध, बांबू, कायदा, जो विषय अडेल त्याचा गट बसतो, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतो. गट फक्त समजून घेतो. ठरवते ती ग्रामसभा.

या व्यवस्थेचा इतिहास 1980च्या दशकात सुरू होतो. इंद्रावती-गोदावरीवरच्या इचमपल्ली आणि भोपालपट्टनम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभं राहिलं, त्यात आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे होते. त्या धामधुमीत मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ पडली, आणि मोर्चा संपल्यावर घरी जाऊन काय करायचं, या अवघड प्रश्नाला गाव लागलं. पुढे गावाने गोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं. गोटुल म्हणजे तरुण मुलामुलींचं सामाईक घर, गोंड संस्कृतीची शाळाच. त्यासाठी जंगलातून सागवान आणलं, वनखात्याने ते बांधकाम मोडून लाकूड जप्त केलं. तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं बांधायला घेतली, आणि शेवटी खात्याला नमतं घ्यावं लागलं.

मग बांबू. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला सरकारने इथला बांबू भाडेपट्ट्याने दिलेला होता. गावकऱ्याने टोपलीसाठी चार काठ्या तोडल्या तर तो चोर. 1927 च्या वनकायद्यात बांबूची गणना झाडांमध्ये होती, बांबू हे गवत आहे हे साधं सत्य कायद्याने मान्य करायला 2017 साल उजाडलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूला गौण वनोपजात घातलं आणि गावाला सामूहिक हक्काचं दार उघडलं. 2009 साली मेंढ्याला आपल्या जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांतलं हे एक. तरी माल बाहेर न्यायचा परवाना खात्याच्याच हातात होता. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक त्यांनी देवाजींच्या हाती दिलं. त्या दिवसापासून या जंगलातला बांबू गाव विकतं, गावच्या शिक्क्याने.

बांबूच्या बेटात मला घेऊन गेलेले आजोबा फार बोलणारे नव्हते. बेटाभोवती फिरले, कोवळा कोंब दाखवला, म्हणाले, "हा लेकरू." गेल्या वर्षीचा दाखवला, "हा पोरगा." मधली जून काठी टिचकी मारून वाजवली, "हा चालते." लेकरं-पोरगे ठेवायचे, जून तेवढे काढायचे, आणि बेट मुळापासून साफ करायचं नाही. वनखात्याच्या पुस्तकातही बांबू तोडण्याचा नियम साधारण हाच आहे. फरक आहे तो तोडणाऱ्यात. ठेकेदाराला यंदाचे ट्रक भरायचे असतात, यांना पुढच्या वर्षीही इथेच यायचं असतं.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूचा अभ्यास केला, तेव्हा असाच एक प्रसंग घडला. तिथल्या काटेरी बांबूच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. ते साफ केलं तर वाढ चांगली होते, असं शास्त्रीय वनव्यवस्थापन सांगत होतं आणि कागद कारखान्याची माणसं तसं करत होती. गावकरी म्हणत होते, काटे काढले की कोंब गुरं खातात. मोजणी केली तेव्हा गावकरी बरोबर ठरले. गाडगीळ पुढे मेंढ्यालाही येत राहिले. याच गाडगीळांनी वा. द. वर्तकांबरोबर 1970च्या दशकात आमच्या पश्चिम घाटातल्या देवराया पाहिल्या होत्या, त्याकडे मी वळणारच आहे. त्याआधी सभा.

ग्रामसभा पाहायची परवानगी मागावी लागली. बाहेरच्या अभ्यासकाने इथे काही करायचं तर आधी ग्रामसभेसमोर मांडायचं, ही गावाची रीत आहे. मी अभ्यासक नव्हतो, तरी मलाही कोण, कुठला, कशाला आलास, हे सगळ्यांसमोर सांगावं लागलं. सांगता-सांगता मला जाणवलं की कशाला आलो, याचं धड उत्तर माझ्यापाशी नव्हतं. समुद्रकाठचा आहे म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने समुद्राचं पाणी खारट का, ते विचारलं, आणि सभा हसली.

बायका आणि पुरुष सारख्या संख्येने बसले होते. चर्चा गोंडीत, मधूनच माझ्यासाठी मराठीत. विषय काय, तर एका घराला छपरासाठी लाकूड हवं होतं. किती, कुठल्या भागातलं, पडलेलं चालेल की उभं लागेल, ते कोण पाहून येणार. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. उन्हं कलायला लागली तरी चाललं होतं. एका बाईचं म्हणणं, त्या ओढ्याकाठचं झाड नको, तिथली माती मागच्या पावसात सुटली आहे. बहुमत घेतलं असतं तर बाईंचं मत सहज हरलं असतं. पण इथे सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही. विषय पुढच्या बैठकीला गेला, आणि दोघा-तिघांनी ओढ्याकाठ पाहून यायचं ठरलं. ज्यांना लाकूड हवं होतं तेही रागावलेले दिसले नाहीत. पाऊस यायला अजून अवकाश होता.

ही बैठक पाहताना माझ्या नवलाला एकदम दिशा मिळाली. त्या बाईंना ओढ्याकाठची माती सुटलेली ठाऊक होती, हे ज्ञान. ते ज्ञान बहुतेक प्रत्येक गावातल्या कुणा ना कुणा बाईला असतं. मेंढ्यात फरक एवढाच, की ते ऐकून घ्यायला सगळं गाव खाली बसलं होतं आणि त्यावर निर्णय अडवायचा अधिकार त्या एकटीला होता. मारुती चितमपल्लींनी नोकरीची सगळी वर्षं वनखात्यात आणि त्यानंतरची बरीच नागपुरात काढली. रानातल्या माणसांनी दिलेली पाखरांची, झाडांची, पावसाच्या खुणांची माहिती त्यांनी मराठीत आणली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. पण पुस्तकात पोहोचलेलं ज्ञान जंगल वाचवत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती ठरवणं असलं, तरच ते वाचतं.

1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली: जे सगळ्यांचं ते कोणीच राखत नाही, म्हणून ते खासगी करा नाहीतर सरकारी. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरची गावं, तळी, जंगलं, मासेमारीचे किनारे तपासून दाखवलं, की लोक स्वतःचे नियम करतात आणि पाळतात, फक्त ते नियम त्यांचे त्यांना करू द्यावे लागतात. त्यासाठी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वर्ष 2009. मेंढ्याचा हक्क त्याच वर्षीचा. स्टॉकहोमला आणि धानोरा तालुक्यात एकमेकांची खबर नसताना एकच निकाल लागला.

परतीच्या वाटेवर चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला गेलो. या गावाला 2012 साली सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, आणि ते ऐकून मी थक्क झालो. तेंदूचा हंगाम मे महिन्याचा, हातात रोख पैसा देणारा. पण चांगलं पान यावं म्हणून आधी खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, करावी लागते, त्यापायी आगी लागतात, आणि झाडाला फळ धरत नाही. तेंदूचं फळ तर माणसांनाही लागतं नि पाखरांनाही. बांबूवर भागतं, असा हिशेब मांडून त्यांनी पानाचा पैसा सोडला. शिवाय जंगलाच्या आतला सुमारे 34 हेक्टरांचा भाग काहीही न काढता तसाच ठेवायचं ठरवलं. नवी देवराईच म्हणा. देवाने कौल दिला नव्हता, सभेने दिला होता. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. सगळीच मेंढा किंवा पाचगाव नाहीत. काही ठिकाणी पैसा आला आणि भांडणं आली, काही ठिकाणी सभा कागदावरच भरते. मेंढा स्वतः तर आणखी पुढे गेला: 2013 साली त्याने 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही गावाच्या नावे करायचं ठरवलं. ग्रामदानाची चळवळ चालवणाऱ्या विनोबांचं पवनारही विदर्भातलंच, हे नकाशा पाहिल्यावर ध्यानात आलं.

आता माझ्या मुलखाचं. सिंधुदुर्गात जवळपास प्रत्येक गावाला देवराई आहे, गावऱ्हाटी म्हणजे देवस्थानाची पारंपरिक व्यवस्था आहे, मानकरी आहेत. राईतल्या झाडाला हात लावायचा तर देवाला कौल लावायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या होती आणि तिच्यामुळे राया टिकल्या. आम्ही ती श्रद्धा म्हणून सांगतो, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. मेंढ्यात बसल्यावर उमगलं, की कौल ही आमची ग्रामसभा होती. सगळं गाव देवळात जमायचं, विचारायचं, थांबायचं, आणि 'नाही' ऐकून घ्यायचं. हल्ली देऊळ मोठं करायचं म्हणून राईतली झाडं विकून सिमेंट आणलेली गावं मी पाहिली आहेत. देव तिथेच आहे, कौलही लागतो, पण प्रश्न आधीच ठरलेला असतो. वनहक्क कायदा कोकणालाही लागू आहे, आणि देवराईसाठी कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. पालखी आधी कोणाच्या दारात जाणार, यासाठी आमची गावऱ्हाटी पहाटेपर्यंत बसते, शिवाय तिथे माघार कोणी घेत नाही. ही चिकाटी आमच्यात आहेच. यंदाच्या बैठकीत त्यातला तासभर राईतल्या झाडांना मिळावा, एवढा विषय मी मांडणार आहे, आणि बायकांना बोलवा हा दुसरा. पहिल्यावर होकार मिळेल. दुसऱ्यासाठी पहाटेपर्यंत बसायची माझी तयारी आहे.